प्राणी चालले की भूमी चालली?



आमचे नाव जाहीर झाले तेव्हा पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, आज महागाईभत्ता, कंत्राटी कामगार किंवा फार तर नवे श्रमकायदे यांवर काही ऐकावयास मिळणार. तीस वर्षे आम्ही चिकलठाणा आणि वाळूज येथल्या कारखान्यांच्या फाटकांवर हेच बोलत आलो आहोत. तेव्हा ती समजूत चुकीची होती असे म्हणता येणार नाही. परंतु चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही ती जरा जास्तच घेतली. आज आम्ही बोलणार आहोत सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर पळणाऱ्या, माणसाएवढ्या लांबीच्या एका मांसाहारी प्राण्याविषयी. या प्राण्याचे भाऊबंद आपल्या देशात, मादागास्कर बेटात आणि दक्षिण अमेरिकेत जवळजवळ एकाच काळी नांदत होते. मध्ये तर समुद्र होता. मग हे झाले कसे?

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर आमच्यापाशी उत्तर नाही. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण रात्रपाळीनंतरच्या सकाळी, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. इंग्रजी मजकूर आम्ही आजही बैलगाडीच्या चालीने वाचतो. परंतु बैलगाडीतून जाणाऱ्यास रस्त्याकडेची झाडे नीट दिसतात, एवढाच त्यातला लाभ. काही चुकले तर सभेनंतर जाणकारांनी आमचा कान धरावा.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती आधी पाहू. वेरूळचे कैलास लेणे, देवगिरीचा ताशीव कडा, अजिंठ्याची घळ, आपल्या शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातली लेणी, ही सारी एकाच काळवत्री दगडात खोदलेली आहेत. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून हा रस थरावर थर असा पसरत गेला. आज झिजून उरलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. एका तरुण कामगाराने आम्हाला विचारले होते, ‘साहेब, मग आपल्या डोंगरात डायनोसॉर सापडेल का?’ आपल्या कातळात तो सापडणार नाही. उकळत्या दगडात हाड टिकत नाही. हाडे सापडतात ती या लाव्ह्याच्या खाली, लाव्हा येण्यापूर्वीच्या नद्यातळ्यांच्या गाळात. जिथे लाव्ह्याची चादर संपते किंवा फाटते, तिथे तो गाळ उघडा पडतो. जबलपूरजवळ नर्मदेच्या लामेटा घाटावरून त्याला लामेटा थर असे नाव पडले आहे. जबलपूर, गुजरातेतील बालासिनोरजवळचे रहिओली आणि आपल्या महाराष्ट्रात नागपूर-चंद्रपूरचा पट्टा ही त्याची ठिकाणे होत.

काही वर्षांपूर्वी कोळसाखाणीतील कामगारांच्या एका परिषदेस आम्ही चंद्रपुरास गेलो होतो. परिषद लवकर आटोपली, आणि हाताशी एक दिवस उरला म्हणून वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव पाहावयास गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या गावातून प्रचंड हाडे जमविली होती. आम्हाला वाटले, काही अवशेष उभा असेल, फलक असेल. प्रत्यक्षात साधे शेत. परंतु ढेकळांमध्ये लांबट, वळकटीसारखे, वजनदार दगड पडलेले. बांधावरचे म्हातारबुवा म्हणाले, ‘हे जुन्या काळच्या जनावरांचे शेण आहे म्हणतात.’ ते खरे होते. ती डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा. वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दगडांत सूक्ष्मदर्शकाखाली गवताचे गारेसारखे कण ओळखले आणि २००५ साली ते प्रसिद्ध केले. त्यापूर्वी डायनोसॉरांच्या काळी गवत होते असे मानण्यास कोणी सहजासहजी तयार नसे. एका शेणाच्या गोळ्याने जगभरची पाठ्यपुस्तके बदलावी लागली. त्या बांधावर आमच्या मनात आले की, जी वस्तू कोणी उचलूनही पाहत नाही तीच पुष्कळदा साक्ष देते. तेव्हापासून या विषयाने आम्हाला सोडले नाही.

पिसदुऱ्याची हाडे झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य प्राण्यांची होती. आमचा प्राणी त्यांच्या पायांखालून पळणाऱ्यांपैकी. डायनोसॉरांत थेरोपॉड नावाचा एक वर्ग आहे. हे मागच्या दोन पायांवर चालत व बहुतेक मांस खात. आजचे पक्षी याच वर्गाचे वंशज आहेत, म्हणजे अंगणातली चिमणी हीसुद्धा या विषयाबाहेरची नव्हे. थेरोपॉडांतले मोठे तेवढे प्रसिद्धी पावले. आपल्या देशातही २००३ साली रहिओलीच्या हाडांवरून एका मोठ्या थेरोपॉडाला ‘राजासॉरस’ असे नाव मिळाले, आणि वर्तमानपत्रांनी त्याचे यथोचित कौतुक केले. लहान थेरोपॉडांची हाडे मात्र पोकळ व नाजूक. ती नदीत फुटतात, ऊनपावसात विरतात, आणि सापडली तरी पुष्कळदा दुसऱ्या कोणाची म्हणून नोंदली जातात.

आता जबलपूरची हकीकत. तेथे गन कॅरेज फॅक्टरीच्या शेजारी बडा शिमला नावाची टेकडी आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव आपण शाळेत ऐकले त्या स्लीमन साहेबास १८२८ साली जबलपुरास हाडे सापडली. आपल्या देशातील डायनोसॉरांची ती पहिली नोंद होय. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात चार्ल्स मॅटली यांनी बडा शिमल्यात खोदून पुष्कळ हाडे काढली. त्यांचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख फॉन ह्यूने यांच्या सहकार्याने झाला आणि १९३३ साली ग्रंथ निघाला. त्या ढिगात मानेचे व पाठीचे काही लहान, हलके मणके होते. त्यांवरून ह्यूने व मॅटली यांनी एका नव्या प्राण्याला ‘लेव्हिसुकस इंडिकस’ हे नाव दिले. लेव्हिसुकस म्हणजे हलकी मगर. प्राणी मगर नव्हे, परंतु त्या काळी अशी नावे देण्याची रीत होती. आणि हे मणके कोणत्या कुळातले, तर उत्तर गोलार्धातल्या चपळ सिल्युरोसॉर मंडळींपैकी, असे त्यांनी लिहून ठेवले.

ती नोंद चुकीची होती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो प्राणीच तोवर जमिनीतून वर आला नव्हता. १९८० साली अर्जेंटिनाच्या वायव्य कोपऱ्यात सापडलेल्या एका लहान थेरोपॉडाचे वर्णन होसे बोनापार्ट व हाइमे पॉवेल यांनी केले. तिकडे त्या प्रदेशाच्या नावाची आद्याक्षरे ‘नोआ’ अशी होतात, म्हणून हा नोआसॉरस. त्याची एक वाकडी नखी सापडली, ती पायाची समजली गेली आणि भयंकर शिकारी म्हणून त्याची चित्रे निघाली. पुढे कळले की नखी हाताची होती. नंतर २००१ साली मादागास्करातून मासियाकासॉरस आला. मासियाका म्हणजे तिकडच्या भाषेत दुष्ट. लांबी सुमारे दोन मीटर, आणि पुढचे दात सरळ बाहेर आलेले, जणू पंचपाळ्यातून काही टोचून काढावयाचे आहे. त्याच्या नावाचा दुसरा भाग मार्क नॉफ्लर या गायक-वादकावरून ठेवला आहे, कारण त्याची गाणी लावली की हाडे सापडतात असा खोदणाऱ्यांचा अनुभव होता. कामाच्या जागी गाणे लावू द्यावे ही आमच्या कामगारांची जुनीच मागणी आहे, ती सप्रमाण ठरली असे आम्ही समजतो.

या मादागास्करच्या प्राण्याचे मणके मिळाले आणि शेजारी जबलपूरचे मणके ठेवून पाहता आले. तेव्हा घडण जुळली. लेव्हिसुकस हा उत्तरेकडचा कोणी नसून नोआसॉरस-मासियाकासॉरस यांच्या घराण्यातला होता. सत्तर वर्षे त्याचे नाव दुसऱ्याच गावच्या यादीत पडून होते. नागपूरचे धनंजय मोहबे व बंदना सामंत यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर भारतातील या लहान थेरोपॉडांच्या साऱ्या जुन्या हाडांची अलीकडे पुन्हा छाननी केली आहे. त्यातही या घराण्याचे भारतातील अस्तित्व पक्के झाले.

येथवर नाते ठरले. आता प्रवास. जबलपूर, मादागास्कर आणि अर्जेंटिना, एकाच घराण्याचे तीन बिऱ्हाडे, आणि मध्ये महासागर. याचा उलगडा जुन्या लोकांनी सरळ केला होता, तो म्हणजे पूल. समुद्रावर पूर्वी जमिनीचे पूल होते, त्यांवरून प्राणी चालत गेले आणि मागून पूल बुडाले. १८६४ साली स्क्लेटर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने भारत व मादागास्कर यांमध्ये ‘लेमुरिया’ नावाचा बुडालेला खंडच मांडला होता. त्या कल्पनेची एक गैरसोय होती. प्रत्येक नात्यागणिक एक पूल बांधावा लागे आणि एक पूल बुडवावा लागे.

दुसरा उलगडा जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडला. भूमीच सरकली, असे ते म्हणाले. विद्वानांनी त्यांची थट्टा केली. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला तोवर त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नव्हते. १९६० नंतर समुद्रतळाची मोजणी झाली आणि तळ मधोमध फाटून दोन्ही बाजूंस सरकतो आहे असे आढळले. मग वेगेनर खरे ठरले. दक्षिणेकडील सारे खंड एकेकाळी एकत्र होते. त्या एकत्र भूमीचे नाव जगभर ‘गोंडवन’ असे आहे. चंद्रपूरच्या गोंड राजांची जी भूमी, तिचेच ते नाव. आपल्या मध्य भारतातल्या खडकांवरून ते ठेवले गेले.

आता हे पटावे म्हणून आम्ही आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्या आजीचे माहेर भालकीचे, बीदर जिल्ह्यातले. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा औरंगाबाद आणि बीदर हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बीदर म्हैसूर राज्यात गेले, तेलंगण आंध्रात गेले. आजीचे भाऊ आपल्या शेतातून एक पाऊल हलले नाहीत, आणि परराज्याचे झाले. उद्या कोणी संशोधक येऊन म्हणाला की, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आडनाव सापडते, तेव्हा यांचे पूर्वज केव्हातरी सीमा ओलांडून गेले असले पाहिजेत, तर आजीने त्याला काय उत्तर दिले असते? ती म्हणाली असती, ‘बाबा, आम्ही नाही गेलो, रेघ आली.’

गोंडवनाची वाटणी अशीच झाली, फक्त ती एका दिवसात झाली नाही. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांचा एकत्र गट आफ्रिकेपासून सुटू लागला. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत व मादागास्कर यांची जोडी अंटार्क्टिकापासून अलग होऊ लागली. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका व आफ्रिका पुरत्या दुरावल्या. आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी भारताने मादागास्करचाही हात सोडला. मग भारत एकटा उत्तरेस निघाला. आपल्या काळवत्रीचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास त्याची गती वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा थोडी अधिकच होती. आपल्या डोक्याचे केस वर्षात साधारण तेवढेच वाढतात. या गतीने जात सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियास भिडला आणि हिमालय उभा राहू लागला.

आता आपल्या प्राण्याचे कोडे सोपे वाटते. घराणे वाटणीच्या आधीचे असेल, तर तिन्ही ठिकाणी नातलग सापडणारच. परंतु ‘असेल तर’ या दोन शब्दांवर सारा खटला उभा आहे. घराणे वाटणीपूर्वीचे की नंतरचे? येथेच शास्त्रज्ञांत खरा वाद झाला, आणि तो आम्हाला लेबर कोर्टातल्या वादासारखा वाटला.

आमच्या धंद्यात असे होते. एखादा कामगार सांगतो, मी आठ वर्षे या कारखान्यात राबलो. मालकाचा वकील हजेरीपट काढून दाखवितो की यात याचे नाव नाही. ठेकेदाराने नाव लावलेच नव्हते. नवखा कार्यकर्ता येथे खचतो. जुना विचारतो की, हजेरीपट पुरा आहे काय? मधली पाने कुठे आहेत? नाव नसणे हा कामावर नसल्याचा पुरावा तेव्हाच, जेव्हा यादी पूर्ण असते.

१९९८ साली अमेरिकेचे स्कॉट सॅम्पसन व सहकारी यांनी मादागास्करातील मजुंगासॉरस या मोठ्या थेरोपॉडाच्या कवटीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे आमच्या लहान घराण्याचे थोरले चुलत घराणे, आणि आपला राजासॉरस त्याच्याच जवळचा. हे थोरले घराणे दक्षिण अमेरिकेत, मादागास्करात व भारतात सापडते, परंतु आफ्रिकेत तोवर सापडले नव्हते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, आफ्रिका फार आधी वेगळी पडली असावी, आणि दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका व भारत-मादागास्कर यांच्यात जमिनीची वाट उशिरापर्यंत, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, उघडी राहिली असावी. अनुमान बुद्धीचे होते. परंतु त्याचा एक खांब ‘आफ्रिकेच्या हजेरीपटावर नाव नाही’ हा होता.

आणि आफ्रिकेचा हजेरीपट अपुरा होता. २००४ साली पॉल सेरेनो व सहकारी यांनी सहाराच्या नायजर देशातून रुगोप्स नावाच्या त्याच थोरल्या घराण्यातल्या प्राण्याचे वर्णन केले. त्याचे वय सुमारे ९ कोटी ५० लाख वर्षे. त्याच लेखात आमच्या लहान घराण्यातल्या एका प्राण्याचीही हाडे होती, आणि ती आणखी जुनी, सुमारे ११ कोटी वर्षांची. २०१७ साली मोरोक्कोतून डायनोसॉरयुगाच्या अगदी अखेरचा चेनानिसॉरस आला. आफ्रिकेत ही मंडळी पूर्वीपासून होती आणि शेवटपर्यंत होती. फक्त कोणी पुरेसे खोदले नव्हते.

याहून जुनी साक्षही निघाली. आफ्रिकेतच टांझानियात तेंदागुरू येथे एलाफ्रोसॉरस नावाच्या लांब मानेच्या, सडपातळ थेरोपॉडाचा सांगाडा विसाव्या शतकाच्या आरंभी सापडला होता. शंभर वर्षे त्याचे कूळ ठरेना. २०१६ साली फेरतपासणी होऊन तो आमच्या लहान घराण्यातला ठरला. वय सुमारे १५ कोटी वर्षे. चीनमध्ये २००९ साली वर्णिलेला लिमुसॉरस तर सुमारे १६ कोटी वर्षांचा, आणि तोही याच घराण्याचा किंवा त्याच्या उंबऱ्याशी उभा असलेला. याचा अर्थ उघड आहे. गोंडवनाची भिंत नुकती कुठे तडकत होती तेव्हाच हे घराणे दूरवर पसरलेले होते. ते पसरले तेव्हा चालतच पसरले, कारण त्या वेळी जमीन सलग होती. नंतर जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला त्याचे नातलग आले. लेव्हिसुकसाच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला असे मानण्याची गरज उरत नाही. त्यांना घेऊन भारतच निघाला होता.

श्रोतेहो, येथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु एका बाजूचा पुरावा सांगून दुसरी बाजू झाकणे हे आम्ही कोर्टात दुसऱ्यांना करताना पाहिले आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

एकटा पडलेला भारत सर्व बाजूंनी कुलूपबंद होता असे दिसत नाही. हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळ नासकल नावाचे गाव आहे. तेथे लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या गाळात उंदराएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात निघाले. जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी १९८८ साली त्याला ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी’ असे नाव दिले. दख्खनचा चोर, आणि आडनाव आपल्या नागपूरच्या हिस्लॉप साहेबांचे. या चोराचे नातलग युरोप-आफ्रिकेकडचे दिसतात. मग २०१३ साली तमिळनाडूतील कल्लमेडू येथल्या एका दाताविषयी लेख आला. तो दात ट्रूडाँटिड नावाच्या लहान, पक्ष्यांच्या जवळच्या थेरोपॉडाचा आहे असे अंजली गोस्वामी, प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. ही मंडळी आशिया व उत्तर अमेरिकेतली. मग ती कावेरीकाठी कशी? एकतर त्यांचेही घराणे वाटणीपूर्वीचे असेल, किंवा कोणी तरी उत्तरेकडून बेटांच्या रांगेवरून आले असेल. परंतु सारी साक्ष एका दातावर आहे. एका दातावर खटला दाखल करावा, निकाल मागू नये.

लहान प्राण्यांना समुद्राची आणखी एक वाट असते. पुरात झाडांचे मोठे तराफे वाहत येतात आणि त्यांवर सरडे, उंदीर, बेडूक दूरच्या बेटांवर जाऊन लागतात. उंदराएवढा चोर असा येऊ शकेल. दोन मीटर लांबीचा, रोज मांस लागणारा प्राणी महिनाभर तराफ्यावर जगून, जोडीसह उतरेल, हे अवघड. म्हणून प्रत्येक प्राण्याचा खटला वेगळा चालवावा लागतो. नाते आधी नीट ठरवावे, मग घराण्याचे वय काढावे, मग त्या वयाला जमीन कुठे जोडलेली होती ते पाहावे. एवढे केल्यावर जे नाते वाटणीने उलगडत नाही, त्यालाच पूल किंवा तराफा द्यावा.

आता तुम्ही विचाराल, कामगार चळवळीतल्या माणसाला याचे एवढे काय? त्याचे उत्तर देणे आम्हाला सुखाचे नाही, तरी देतो.

वीस वर्षांपूर्वी येथल्या एका कारखान्यात काम कमी झाले आणि कंत्राटी माणसे काढावयाची वेळ आली. फाटकावर सभा भरली. आमच्यातल्याच काही तरुणांनी घोषणा सुरू केल्या की, आधी बाहेरचे काढा. आम्ही व्यासपीठावर होतो. गर्दी आपल्या बाजूची होती, टाळ्या पडत होत्या, आणि आम्ही गप्प बसलो. बाहेरच्यांची यादी झाली. तीत एक पन्नाशीचा वेल्डर होता, तो दुसऱ्या दिवशी हिशेब घेऊन निघाला. जाताना आमच्यापाशी येऊन म्हणाला, ‘साहेब, मी भालकीचा. आमच्याकडं बी मराठीच बोलतात.’ एवढेच बोलला, भांडला नाही. त्याच्या बोलण्यात आमच्या आजीचे हेल होते. त्याच्या बापाचे आणि आमच्या बापाचे राज्य एकच होते. रेघ मागाहून आली होती आणि त्या रेघेवर बोट ठेवून त्याची रोजी गेली. त्याच्या शेजारी यादीत बिहारची दोन मुले होती. ती खरोखरच दूरची होती, परंतु त्यांनाही यंत्रावर आमच्याच माणसांनी बसविले होते. आम्ही त्या दिवशी कोणालाही काही विचारले नाही. नंतर अनेक वर्षांनी ही हाडांची हकीकत वाचताना, सत्तर वर्षे चुकीच्या गावच्या यादीत पडून राहिलेला तो मणका पाहून, आम्हाला पहिल्यांदा आठवला तो वेल्डर. डायनोसॉरांवरून माणसांचे कायदे काढावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणाला आतला-बाहेरचा ठरविण्यापूर्वी तो केव्हा आला आणि रेघ केव्हा आली, या दोन तारखा विचाराव्यात, ही सवय आम्हाला या शास्त्राने लावली. ती आधी लागली असती तर बरे झाले असते.

शेवटी एक विनंती. मॅटली यांनी काढलेल्या हाडांपैकी कित्येक पुढे संग्रहात सापडेनाशी झाली. पिसदुऱ्याच्या शेतातून येणारेजाणारे दगड खिशात घालून नेतात. आम्हीही त्या दिवशी एक उचलला होता, आणि त्या म्हातारबुवांनी तो परत ठेवावयास लावला, हे कबूल करतो. दगड ज्या थरात, ज्या जागी पडला असतो त्या जागेसहच तो साक्ष देतो. दिवाणखान्यात तो मुका होतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले रस्त्याच्या, विहिरीच्या, खाणीच्या कामांवर विदर्भात व गुजरातेत जातात. त्यांना सांगा, काळ्या कातळाखालच्या गाळात हाडासारखे काही दिसले तर उपटू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांस कळवा. भारताच्या हजेरीपटाची फार पाने कोरी आहेत. मादागास्कर सुटल्यापासून लाव्हा येईपर्यंतच्या दोन कोटी वर्षांत येथे कोण नांदत होते, याची नोंद फारच थोडी आहे. पुढची नोंद एखाद्या जेसीबी चालविणाऱ्याच्या हाती लागण्याचा संभव एखाद्या प्राध्यापकाइतकाच आहे.